तरंगनाथांच्या उपरण्याखाली

तिसरा नारळ फुटला आणि लॅपटॉपच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या कमानी एकीवर एक उजळल्या. मारुतीच्या देवळापुढं उभ्या असलेल्या दीड-दोनशे माणसांनी एकदम हात जोडले.

"गेला, अर्ज गेला. नंबरबी आला," सभामंडपातून पंजाबरावांनी पुकारा केला. पंजाबराव आमच्या देवस्थान समितीचे अध्यक्ष. त्यांच्या आवाजाला वायर लागत नाही, शिवारापर्यंत पोचतो.

"वायू बांधला," तरंगनाथ महाराज मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. "आता जात नाही."

पुढच्या अर्ध्या तासात सहा अर्ज गेले. एकही मध्ये तुटला नाही. मनकर्णाबाईच्या घरात साधा मोबाइल नाही, पण तिनं पदर पसरून लॅपटॉपला नमस्कार केला. कुणी नारळाचं पाणी डोळ्यांना लावलं. महाराज सभामंडपाच्या भिंतीशी पाटावर बसले होते. मांडीवर लॅपटॉप, आणि त्यावर मांडीसकट भगवं उपरणं असं अंथरलेलं की नुसता पडदा आणि अक्षरांची बटणं दिसावीत. अर्ज भरत होता त्यांचा भाचा भागवत. मेहकरात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. उपरण्याला कुणी हात लावायचा नाही, सोवळं आहे, असा दंडक होता.

"अडाणी माणूस वायर शोधतो," महाराजांनी प्रवचन सुरू केलं. "हनुमंतानं लंकेतून सीतामाईची खबर आणली, ती कोणत्या वायरीनं? तो पवनाचा पुत्र. हे वायफाय पवनातून चालतं. म्हणजे त्याचं मूळ खातं कुणाकडं? परदेशी लोकांनी ते आपल्याकडून नेलं आणि नाव बदलून आपल्यालाच विकलं."

लोक माना डोलावत होते. हनुमंत ती खबर घेऊन स्वतः उडत परत आला होता, लंकेत बसून त्यानं ती हवेत सोडली नव्हती, हे त्या गर्दीत रोज पोथी वाचणाऱ्या मला एकटीला ठाऊक होतं असं नाही. पण माझं शनिवारी सूर्य माथ्यावर येईपर्यंत मौन असतं. अकरा वर्षं झाली या व्रताला. तोंड बंद असलं की डोळ्यांना बरंच काम मिळतं. मी पायरीखाली बसून पाहत होते.

"मंग इतके दिवस तुटत काऊन होतं, महाराज?" शंकररावांनी विचारलं. भजनाच्या भोंग्याचं सगळं सामान त्यांच्याकडे असतं.

महाराजांनी एक डोळा उघडला. "यंत्राला हात कुणाचा लागत होता?"

गर्दीतल्या सगळ्या माना मागं वळल्या. निंबाखाली सुचिता उभी होती.

"सवाष्णही नाही," महाराज हळहळल्यासारखे म्हणाले. "मारुती ब्रह्मचारी. वारा कोपणार नाही तर काय करणार?"

सुचिता माझ्या शेजारची सून. बारावी झालेली, हिशेबी हाताची, थोडं बोलणारी. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वी चिखलीच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला तो उठलाच नाही. त्यानंतर आमच्या बचत गटाला शहरातल्या एका संस्थेनं हा जुना लॅपटॉप दिला. त्यात फुकटची, खुली प्रणाली घातलेली. खुली म्हणजे तिच्या आत काय लिहिलंय ते कुणीही उघडून वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं. सुचितानं सहा दिवसांचं शिक्षण घेतलं आणि गावातले अर्ज-दाखले ती भरू लागली. घरात चार पैसे आले त्यापेक्षा लोक तिला नावानं हाक मारू लागले, हे मोठं होतं.

मग गुलाबी बोंडअळीचं ते साल आलं. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी. ज्या बियाण्याला अळी लागणारच नाही म्हणून पाकिटावर छापलं होतं, त्यातच ती पोसली. नुकसानीची नोंद ऑनलाइन, शेताच्या फोटोसकट, महिनाअखेरपर्यंत करायची होती. चार पानांचा अर्ज. सुचिता तिसऱ्या पानावर पोचली की पडद्यावर चकरी फिरू लागायची आणि सगळं पुसून जायचं. पुन्हा पहिल्या पानापासून. तीन आठवडे हेच चाललं. ती देवळापुढच्या ओट्यावर बसायची, आणि भिंतीवरचा वायफायचा डबा सभामंडपात, तिथून बारा पावलांवर, हिरवा दिवा लावून मजेत. लॅपटॉप चालू, पडदा उजळ, बॅटरी भरलेली. आणि वाऱ्यावरचं नातं मात्र घडीघडीला तुटलेलं.

त्या तीन आठवड्यांवर तरंगनाथ महाराज पिकले. बीबी गावाकडून आले म्हणे. येताना पिशवीभर अंगाराही घेऊन आले. कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टाकला की अळी आपल्या पायांनी दुसऱ्याच्या वावरात जाते. एवढ्या अळ्यांना वाट दाखवणारा माणूस एक लॅपटॉप बांधणार नाही काय?

"येत्या शनवारी समिती ठरवून टाकीन," पंजाबराव जाहीर करून मोकळे झाले. "यंत्र भागवतकडे द्यायचं. महाराज आशीर्वाद देतीन. सुचितानं आता हात लावू नये."

लोक पांगले. मौन सुटायला अजून तासभर होता.

दुपारी सुचिता माझ्याकडे आली. हातात कापडी पिशवी. तिनं त्यातून चार्जर काढला आणि कोनाड्यात ठेवला.

"हा माह्यापाशीच राह्यला होता, काकू. मी रातभर घरी चार्ज लावतो अन् सकायी नुसता लॅपटॉप नेतो. तुम्हीच भागवतले देऊन द्या."

"बस. पाणी पी."

ती बसली नाही. "काकू, खरं सांगा. माह्या हाताले काही असंन का?"

ती हे चेष्टेनं विचारत नव्हती. बाबा लोकांचा खरा धंदा अंगाऱ्याचा नसतो. शहाण्यासुरत्या बाईला स्वतःच्या हाताची भीती घालायची, ही त्यांची कमाई. मला त्या भगव्या उपरण्याची अशी शिसारी आली की विचारू नका.

"हात दाखव," मी म्हटलं. तिनं दाखवला. कापूस वेचून बोटांना चिरा पडल्या होत्या, दुसरं काही नव्हतं. "चार्जर परत घे. उद्यापासून तू रोज बसायचं. शनवारी लोक यायला आठ दिवस आहेत. मी जवळ बसून लिहीन."

माझी नामजपाची वही आहे. रोज चार पानं नाव लिहायचं, पहाटे, तुळशीला पाणी घातल्यावर. त्याच वहीच्या मागच्या बाजूनं मी लिहायला लागले: वायफाय किती वाजता जोडलं, किती वाजता तुटलं, कोण बसलं, कुठं बसलं. देवाच्या वहीत हे कसलं लिहिता, असं बचत गटातल्या तानुबाईनं विचारलं. मी म्हटलं, खरं तेच लिहिते, देवाला चालतं.

रविवारी सुचिता ओट्यावर बसली: सतरा मिनिटांत तीन वेळा तुटलं. सोमवारी मी स्वतः बसले. माझं कुंकू कपाळभर, तरी बारा मिनिटांत दोन वेळा तुटलं. सौभाग्याचा वाऱ्यावर काही परिणाम दिसला नाही. मंगळवारी आम्ही सरकत सरकत पायरीला लागून बसलो, डबा अगदी समोर. तुटलंच. बुधवारी सुचितानं त्याच जागी आपला मोबाइल त्याच वायफायला जोडला. पाऊण तास भजन लावून ठेवलं, एकदाही अडखळलं नाही. म्हणजे डबा चांगला, भिंत निर्दोष, वारा शांत आणि सुचिताचा हातही तोच. खोड लॅपटॉपच्या पोटात होती.

गुरुवारी अलफियाला बोलावलं. पिंजारी मेहबूबभाईंची ही लेक. जानेफळच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. आमच्या घरच्या गाद्या तिच्या आजोबांपासून त्यांच्याकडेच पिंजायला जातात. स्कूटी लावून ती माझ्या पडवीत बसली, वही वाचली आणि हसली.

"काकू, माह्यासंग बीएस्सीले होते त्या पोरायपेक्षा तुमचं चांगलं आहे. एक टाइमाले एकच गोष्ट बदलली तुम्ही. हे कोणी शिकवलं?"

"व्रतात तेच करतात बाई. रोज तीच वेळ, तोच पाट. काही चुकलं तर कुठं चुकलं ते लगेच कळतं."

"आता याची वही पाहू." तिनं लॅपटॉपवर काळी पाटी उघडली, काहीतरी लिहिलं आणि बारीक अक्षरांच्या ओळी धावत आल्या. "हे मशीन स्वतःची डायरी लिहिते. कधी काय जोडलं, कधी काय सुटलं, सगळं. कोणी सांगो का न सांगो."

आम्ही दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. माझ्या वेळा आणि यंत्राच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. मग अलफियानं मागच्या शनिवारपर्यंत ओळी वर सरकवल्या आणि थांबली.

"काकू, बाबा जिथं बसते तिथं भिंतीले बोर्ड आहे का? लाइटचा?"

"हाव. भोंग्याचा. पाट त्याच्याच खाली मांडते."

"अन् ओट्यावर?"

"ओट्यावर कुठला आला बोर्ड."

"सुचिता," ती म्हणाली, "शनवारी सकायी चार्जर कुठं होता?"

"माह्या पिशवीत. दुपारपर्यंत."

अलफिया यावेळी हसली नाही. तिनं पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. शनिवार, अकरा वाजून चार मिनिटं: चार्जर लागला. तिसरा नारळ फुटला होता त्याच्या थोडं आधी.

तिनं सुचिताला सगळं समजावलं, उपाय लिहून दिला. मी म्हटलं, शनिवारी तूच ये. ती नको म्हणाली. "मी बोलली तर गोष्ट मशीनची राहणार नाही, माह्या नावाची होईन. तुम्ही बोला. तुमचं ऐकतीन."

माझं ऐकतील. पण शनिवारी, आणि तेही सकाळी.

त्या शनिवारी गर्दी दुप्पट. महाराज पाटाकडे निघाले होते, भागवतच्या खांद्याला झोळी, हातात उपरणं. पंजाबरावांनी ठराव वाचायला कागद उघडला. सुचिता निंबाखाली, मान खाली घालून. मी मारुतीकडे पाहिलं, मनात म्हटलं, देवा, तुझं माझं नंतर पाहू. आणि उभी राहिले.

"महाराज, एक विनंती होती."

माझा आवाज लहान. पण शनिवारी मी बोलले, एवढ्यानंच गर्दी गप्प झाली. पंजाबरावांच्या हातातला कागद तसाच राहिला. "वहिनी, तुमचं मौन?"

"मोडलं, भाऊजी. महाराज, पवनपुत्र सगळीकडे आहे ना?"

"कणाकणात, माते."

"मग आज ओट्यावर बसावं. आम्ही बाया पायरी चढत नाही, आम्हाले आतलं नीट दिसत नाही. आम्हालेबी दर्शन होईन."

"हाव, हाव," बायांची रांग हलली. "बाहीर या महाराज."

"आसन हलवता येत नाही," भागवत घाईनं म्हणाला.

"पाट हाये तो, आसन कायचं," जनकाबाई म्हणाली. जनकाबाईचा अर्ज तीन आठवड्यांत अकरा वेळा तुटला होता, तिला कुणाची भीड उरली नव्हती. "दोन माणसं उचलतीन. न्हाई तर मी उचलतो."

पंजाबराव भक्त होते, लबाड नव्हते. त्यांना यात काही वावगं दिसेना. "या ना महाराज. आपल्याले काय फरक पडते?"

महाराज आले. उपरणं आलं, नारळ आला, भागवत झोळी पोटाशी धरून आला. पहिला नारळ फुटला, कमानी उजळल्या, जनकाबाईचा अर्ज सुरू झाला. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या पानावर चकरी फिरू लागली.

दुसरा नारळ. चकरी. तिसरा नारळ. चकरीसुद्धा गेली.

"तिची सावली पडते," महाराज निंबाकडे बोट करून म्हणाले.

सुचिता आपण होऊन विहिरीपर्यंत मागं गेली. चौथा नारळ फुटला. काही नाही.

"माही बकरीबी बांधली हाये तिकडं," जनकाबाई म्हणाली. "तिलेबी हटवू का? थेबी सवाष्ण न्हाई."

हसू आधी बायांच्या रांगेत उठलं, मग पुरुषांकडे गेलं. महाराजांनी आज वायू रुष्ट आहे, अमावस्येनंतर पाहू, असं काहीबाही सुरू केलं.

"शंकरराव," मी म्हटलं, "भोंग्याची लांब वायर द्या. एक टोक आतल्या बोर्डात, दुसरं इथं ओट्यावर." मग सुचिताला हाक मारली. ती येईना. परत हाक मारली, तेव्हा आली.

तिनं पिशवीतून चार्जर काढून लावला. उपरणं बाजूला ठेवलं, नारळ मागितला नाही. चिरा पडलेल्या बोटांनी जनकाबाईचं नाव पहिल्यापासून भरलं. पान एक, दोन, तीन. तिसऱ्या पानावर लोक पुढं सरकले. चौथं पान. नंबर आला. तिनं तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"आता पाहा," ती म्हणाली आणि पिन काढली. सहा मिनिटांत चकरी. पिन लावली, पाव तास सगळं सुरळीत. परत काढली, परत चकरी. तिसऱ्यांदा पंजाबराव स्वतः पुढं आले. त्यांनी आपल्या हातानं पिन काढली, आपल्या डोळ्यांनी चकरी पाहिली, आपल्या हातानं लावली.

"पण महाराजाजवळ चार्जर कुठं होता?" त्यांनी विचारलं. "हा तर सुचितापाशी होता."

"मशीनच्या डायरीत लिहून आहे, मामा," सुचिता म्हणाली. "शनवारी अकरा वाजून चार मिनिटानं चार्जर लागला. माह्या पिशवीतला न्हाई. दुसरा."

सगळ्यांच्या नजरा भागवतच्या झोळीवर गेल्या. तो उठायला लागला तोच तानुबाईनं झोळीचा बंद धरला. "बस बे. पाहू तरी देवाचं सोवळं." अंगाऱ्याच्या पुड्यांखालून निघाला काळा चार्जर, अगदी या लॅपटॉपचाच. मेहकरच्या दुकानातला. पाट बोर्डाखाली, पिन उपरण्याखाली. एवढंच ते वायुबंधन.

जनकाबाईनं फोटोसाठी आणलेलं बोंड पदरातून काढलं आणि महाराजांसमोर फोडलं. "आठ रोज झाले तुमचा अंगारा टाकून. पाहा अळी कशी तरतरीत झाली. राख बाधली नाही हिले, मानवली."

महाराज उठले. ज्यांनी हवेतला वारा बांधला होता त्यांना पायातली चप्पल लवकर सापडेना.

गर्दी गेली नाही. शंकरराव म्हणाले, "पोरी, पण बॅटरी तर भरून होती. मंग पिनेचा अन् वायफायचा संबंध काय?"

सुचितानं सांगितलं. इतकं सोपं की मनकर्णाबाईलाही कळलं. "पिन काढली का मशीनले वाटते, आता बॅटरी जपून वापरा. थे वायफायच्या भागाले डुलकी घ्यायले लावते. हा डबा तिकडून हाका मारते, इकडून उत्तर नाही. डबा म्हणते, मेलं वाटते कोणी, अन् नातं तोडून टाकते. मोबाइलमध्ये ही खोड न्हाई, म्हणून थो चालत होता. मी रोज घरून चार्ज करून आणत होती, पिन लावाले इथं जागाच नव्हती. म्हणून माह्या हातानं तुटत होतं. उपाय एक ओळीचा हाये. डुलकी बंद कर, असं मशीनले लिहून सांगाचं."

तिनं ती ओळ लॅपटॉपमध्ये लिहिली. मग खडू घेऊन तीच ओळ पंचायतीच्या फळ्यावर, सगळ्यांना दिसेल अशी लिहिली. पिन काढली. संध्याकाळपर्यंत ओट्यावरून एकवीस अर्ज गेले, बिनपिनेचे, बिननारळाचे.

महाराजांचा मंत्र कानात सांगायचा असतो, आणि तोही दक्षिणा पोचल्यावर. सुचितानं तिचा फळ्यावर लिहिला. दोघांतला खरा कोण, हे ओळखायला याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही. जे झाकून चालतं, ते उघडं करून पाहा.

महाराजांना हसणं सोपं आहे. माझं दुःख वेगळं आहे. मारुती ब्रह्मचारी म्हणून बायांनी पायरी चढायची नाही, हे मीही पाळत आले. म्हणून बायांचं यंत्र ओट्यावर आणि बोर्ड आत. आपणच तिला जागा दिली नाही, आणि अडलं तेव्हा तिच्या कपाळात कारण शोधलं. महाराजांनी फक्त आपण खणून ठेवलेल्या खड्ड्यात पाणी भरलं. समितीनं त्या आठवड्यात ओट्यावर बोर्ड बसवला. मारुती काही रागावलेला दिसला नाही.

मोडलेल्या मौनाबद्दल मी रविवारी दिवसभर मौन धरलं. त्याच संध्याकाळी सुचिता आली, माझ्या वहीच्या मागच्या पानावर जनकाबाईच्या अर्जाचा नंबर स्वतःच्या हातानं लिहून गेली. हाताबद्दल विचारायचं आता काही उरलं नव्हतं.

माझी तुळस, माझी पोथी, माझा शनिवार कुणी काढून घ्यावा असं मी म्हणणार नाही. पण देवानं दोन डोळे दिले आहेत ते उपरण्यावर टेकवण्यासाठी नाहीत. घरात, वावरात, यंत्रात काही अडलं, तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा, पाहिलेलं लिहून ठेवा, आणि जो माणूस कापडाला हात लावू देत नाही त्याचं कापड आधी उचला. बाईच्या कपाळाकडे पाहण्याआधी भिंतीकडे पाहा. पिन लावायला तिला जागा दिली होती का, ते विचारा.